एका घरातल्या दोन जयाबाई

कंग्राळीच्या चावडीच्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लागली आहे आणि तिच्यात आपल्या सासूचं नाव आहे, ही बातमी रुक्माला सकाळी नळावर कळली. सांगणारीनं तोंड अगदी पाडून सांगितलं, पण तिची घागर भरून वाहायला लागली तरी ती जागची हलेना. एवढा आनंद तिला पोराच्या बारशालाही झाला नसेल.

रुक्मा तशीच चावडीवर गेली. यादीत खरंच लिहिलं होतं: जयाबाई रवळू, राहणार कंग्राळी, कर्ज शिलाई मशीनसाठी, शेरा फरारी. फरारी जयाबाई त्या वेळी घराच्या कट्ट्यावर पाय पसरून बसल्या होत्या आणि सुपात वाल निवडत होत्या. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर संध्याकाळी शीग लावून परत करणारी ही बाई. लग्नानंतर गावाबाहेर गेली ती दोनचार वेळा माहेरी मुतग्याला, तेवढीच. आणि शिलाई मशीनचं म्हणाल, तर सुईत दोरा ओवायलाही तिला सून लागायची.

रुक्मा मात्र यादीकडं पाठ करून झपझप घराकडं निघाली. कारण मशीन तिचं होतं, त्याच्यासाठी कर्ज काढलं होतं तेही तिनंच, आणि ज्याची आठवण या घरात कुणी काढत नसे ती गोष्ट म्हणजे, जया हे नावही मूळ तिचंच होतं.

निपाणीच्या भावकूची ती पोरगी. लग्नाआधी तिथल्या एका पतसंस्थेतून कर्ज काढून तिनं मशीन घेतलं. संस्थेचं नाव घेत नाही, उगाच माझ्यावर नोटीस यायची. थोडे हप्ते बापानं भरले, तेवढ्यात कंग्राळीच्या मष्णूशी लग्न ठरलं. आता मष्णूच्या आईचं नाव जयाबाई आणि नवरीचं नाव जया. एका घरात दोन जया कशा नांदणार? लग्न लागलं, ताटात तांदूळ पसरले, सासूनं मष्णूच्या कानात सांगितलं आणि मष्णूनं अंगठीनं तांदळात लिहिलं, ‘रुक्माबाई’. झालं. पोरगी सकाळी जया म्हणून उठली होती, ती संध्याकाळी रुक्मा म्हणून चुलीपुढं बसली. याचा कागद नाही, शिक्का नाही, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

राहिलेले हप्ते फेडायचं काम नव्या नवऱ्याकडं आलं. संस्थेची शाखा बेळगावातच होती. मष्णू पहिल्यांदा हप्ता घेऊन खिडकीपाशी गेला तेव्हा कारकुनानं विचारलं, “कुणाच्या नावावर?”

“आमच्या मंडळींच्या,” मष्णू म्हणाला.

“मंडळींना नाव असंल की काय तरी.”

मष्णूचं लग्न होऊन महिना झाला नव्हता. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे कानापर्यंत लाल व्हायची पाळी. त्यानं इकडंतिकडं बघितलं, खिडकीत तोंड घातलं आणि स्वतःच्या हातानं तांदळात लिहिलेलं नाव मोठ्या अभिमानानं सांगितलं, “रुक्माबाई.” कारकुनानं रुक्माबाईच्या नावानं पैसे जमा करून घेतले. पुढं सगळे हप्ते तसेच गेले. मष्णूला वाटलं, कर्ज फिटलं. संस्थेला वाटलं, कंग्राळीची कुणी एक रुक्माबाई फार चांगली बाई आहे, न सांगता ठेव ठेवते. दर दिवाळीला संस्थेकडून रुक्माबाईला समईचं चित्र असलेलं शुभेच्छापत्र यायचं. आणि तिकडं जयाच्या नावावर बाकी वाढत चालली होती.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग वसुलीला नागोजी नावाचा नवा माणूस आला. हुशार होता. हुशार माणसानं घोळ घातला की तो निस्तरायला वकीलच लागतो. नागोजी निपाणीत गेला, भावकूची जया कुठं दिली ते विचारलं. कंग्राळीला, मष्णूच्या घरात, असं कळलं. तो कंग्राळीला आला आणि गल्लीच्या तोंडाशी विचारलं, “मष्णूच्या घरात जयाबाई राहत्यात का हो?”

“व्हय की,” गल्ली म्हणाली. “हितंच राहत्यात. जलमभर हितंच हायत.”

नागोजीनं मतदारयादी काढून बघितली. त्या घरात जयाबाई एकच, नवऱ्याचं नाव रवळू. वयाचा आकडा बघून तो जरा थबकला, पण म्हातारपणी शिवण शिकू नये असा काही कायदा नाही, असं म्हणून त्यानं नोटिसा धाडल्या. नोटिसा जयाबाईंनी घेतल्या आणि वाचता येत नसल्यामुळं पापडाच्या डब्यात तळाला घातल्या. शेवटी नोटिशींना उत्तर नाही म्हणून फरारी असा शेरा मारून नाव चावडीवर लागलं.

रुक्मानं घरी येऊन सासूला सगळं सांगितलं. सासूनं सूप खाली ठेवलं. नेहमी अशा वेळी ती तोंड सोडायची. आज तसं झालं नाही. सासू उठली, सोप्यात गेली, मशीनवर एक जुनं घोंगडं टाकलं आणि स्टुलावर स्वतः बसली.

“माझं नाव त्या भितीवरनं निघंस्तवर ह्या मशीनीला हात लावायचा न्हाय,” ती म्हणाली.

“आत्ती, शहापूरच्या दुकानाचं काम हाय. शंभर पदर मुडपायचे हायत.”

“असूंदेत. तुझ्या मशीनीपायी मी चोर झालो.”

रुक्माला रडायला आलं. शहापूरच्या गल्लीतले साडीवाले तिला फॉल लावायचं, ब्लाउज शिवायचं काम द्यायचे. हातात सफाई होती आणि शब्द पाळायची, म्हणून द्यायचे. मशीनचा आवाज बंद राहिला तर ते दुसरीकडं वळणार, आणि एकदा वळलेला दुकानदार परत येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या स्टुलावर बसलं की ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. तिच्या आयुष्यात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि त्यावर आता सासू मांडी घालून बसली होती.

मष्णू नागोजीला गाठायला गेला. नागोजीनं वह्या चाळल्या, डोकं खाजवलं आणि हसला. “सोपं हाय की! रुक्माबाईंची ठेव मोडा आन जयाबाईंचं कर्ज भागवा. दोनी खाती मिटली.”

तोडगा खरोखर सोपा होता. मष्णू नाचत घरी आला. पण सासूनं तो ऐकून घेतला आणि विचारलं, “भागवलं म्हंजे मी कर्ज घेतलं हुतं असं झालं का न्हाय?”

“तसं कागदावर हुतंय खरं, पर…”

“मग न्हाय भागवायचं.”

आता हिला समजवायचं कुणी? रवळूअण्णांनी बायकोला समजवायचं लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं. रुक्मानं रात्रभर विचार केला आणि सकाळी भाकऱ्या थापून झाल्यावर ती सरळ बेळगावच्या बसमध्ये बसली. निपाणीत तंबाखूच्या वखारीत तिच्या आईच्या शेजारी तानीबाई कांबळे बसायची. त्या तानीबाईचा कल्लाप्पा आता बेळगावच्या कोर्टात वकील झाला होता, हे तिला माहेरच्यांकडून कळलं होतं.

कल्लाप्पा वकिलांची खोली चहाच्या दुकानावर होती. जिना चढून रुक्मा दारात उभी राहिली तसे ते ओरडले, “आगं जयाक्का! ये, ये!”

रुक्मानं मागं वळून बघितलं. मग तिच्या लक्षात आलं की हाक तिलाच आहे. कैक वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. आईवडील गेले, भाऊ पुण्याला. तिचे डोळे भरून आले आणि वकिलांना वाटलं प्रकरण खुनाचं आहे, म्हणून त्यांनी आधी दार लावून घेतलं.

सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी टेबलावर थाप मारली. खालच्या दुकानातून “किती?” असा आवाज आला. “दोन!” वकील म्हणाले आणि मग रुक्माकडं वळले. “जयाक्का, आता नवा कायदा आलाय. गिऱ्हाइकाचा. बेळगावात त्याचा मंचबी सुरू झालाय. साध्या कागदावर तक्रार लिहायची, फी न्हाय, स्टॅंप न्हाय. संस्थेनं हिशेबात घोळ घातला, भलत्याच बाईला चावडीवर चढवली. सोडायचं न्हाय.”

“आत्ती म्हंतील तक्रार त्याच करणार. नाव त्यांचं खराब झालंय.”

“करूंद्यात,” वकील म्हणाले. वकिली नवी होती, उत्साह फार होता, आणि त्यातच ते चुकले.

पहिल्या तारखेला जयाबाई इरकली लुगडं नेसून मंचापुढं उभ्या राहिल्या. अध्यक्ष कानडी होते, पण मराठी त्यांना चांगलं समजायचं. संस्थेचे वकील उठले. पोट मोठं, आवाज मऊ. “बाई, तुम्ही आमच्या संस्थेकडून कर्ज घेतलंय?”

“मेलो तरी न्हाय घेणार.”

“कधीच घेतलं नाही?”

“पावलीबी न्हाय!”

वकील अध्यक्षांकडं वळले. “साहेब, बाई स्वतः सांगतायत. कर्ज घेतलं नाही म्हणजे त्या आमच्या ग्राहक नाहीत. ग्राहक नाहीत त्यांना या मंचापुढं तक्रार करता येत नाही.”

कल्लाप्पा वकिलांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. अध्यक्षांनी नाइलाजानं मान हलवली. परत जाताना सासू बसमध्ये खिडकीपाशी बसली. हिंडलग्याच्या तुरुंगातल्या कैद्याला भेटायला आलेले दोघे पाहुणे पुढच्या बाकावर होते, त्यांच्याकडं बघून ती मोठ्यानं म्हणाली, “हितं न्याव पायजे तर आधी कर्ज काढाय लागतंय. कर्ज न काढणाऱ्याला कोन इचारत न्हाय.” पाहुण्यांना ते एकदम पटलं.

दुसऱ्या खेपेला तक्रार रुक्माच्या नावानं घातली. म्हणजे जयाच्या. आता संस्थेच्या वकिलांनी दुसरं टोक धरलं. कर्ज जया भावकू हिचं. समोर उभी बाई रुक्माबाई मष्णू. रेशनकार्डावर रुक्माबाई, मतदारयादीत रुक्माबाई. मग ही तरी आमची कर्जदार कशी? ही आमची ठेवीदार, आणि ठेवीदार म्हणून तिची काही तक्रार नाही, उलट तिला आम्ही दिवाळीला शुभेच्छा धाडतो. त्यांनी शुभेच्छापत्राची प्रतसुद्धा दाखल केली.

लग्नपत्रिका दाखवली, तर ते म्हणाले, “हिच्यावर जया आहे हे खरं. ती जया म्हणजेच ही रुक्मा, हे कशावरून?”

कल्लाप्पा वकील बाहेर येऊन रुक्माला म्हणाले, “मला सगळं ठाऊक हाय, पर मी तुझा वकील. मला साक्ष देता येत न्हाय. आता तुझं नाव ज्यानं बदललं त्यानं येऊन सांगाय पायजे.”

म्हणजे सासूनं. जिनं ते नाव काढून घेतलं, तिनं मंचापुढं उभं राहून कबूल करायचं की ते हिचं होतं. रुक्मानं घरी भीतभीतच विषय काढला. सासू स्टुलावर बसून लसूण सोलत होती. त्या दिवसापासून ती बरीच कामं स्टुलावरच बसून करायची.

“म्हंजे कागदावर जया तू हुणार,” ती म्हणाली.

“माझ्या एवढ्या खात्यापुरतं, आत्ती.”

“आन मी कोन हुणार?”

सासूनं लसणाची फोलपटं गोळा केली आणि उठून गेली. इकडं शहापूरच्या दुकानदाराचा निरोप आला होता, की पुढच्या सोमवारपर्यंत बघतो, मग माल दुसरीकडं देतो. रुक्मानं देवाला नवस बोलायचा विचार केला, पण नवस कुठल्या नावानं बोलावा हेच तिला कळेना.

तारखेच्या दिवशी ती मष्णूबरोबर निघाली, तर बसथांब्यावर सासू आधीच येऊन बसलेली. तेच इरकली लुगडं.

मंचाची खोली त्या दिवशी भरली होती. कंग्राळीची निम्मी गल्ली पदरचं तिकीट काढून आली होती.

“तुमचं नाव?” अध्यक्षांनी विचारलं.

“जयाबाई. फरारी न्हाय.”

“ही कोण?”

“माझी सून.”

“तिचं नाव?”

रुक्मानं खाली मान घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मष्णू छताकडं बघत होता.

“घरात रुक्मा म्हंतो,” सासू शेवटी म्हणाली. “आधीचं जया. भावकूची जया. लग्नात म्या बदललं. मी सांगितलं आन मष्ण्यानं लिवलं.”

संस्थेचे वकील ताडकन उठले. “लिहिलं? म्हणजे लेखी पुरावा आहे?”

“हाय की. म्हंजे, हुता.”

“कशावर लिहिलं होतं?”

“तांदळात.”

“ते तांदूळ कुठं आहेत?”

“खाल्ले!” सासूला प्रश्नच समजेना. “खीर केली. तांदूळ काय टाकून देऊ? तुमच्यात टाकत्यात का?”

खोलीत हसू फुटलं. अध्यक्षांनी “साकु, साकु, पुरे आता” म्हणून हात वर केला, पण त्यांच्याही मिशा हलत होत्या. ते म्हणाले, “पण बाई, नाव का बदललं?”

“माझं नाव तेच. सुनंला हाक मारली असती तर ओ मीच द्याय लागली असती. आन तिच्या नावानं खडं फोडायचं तर सोताच्याच नावानं फोडल्यागत झालं असतं.”

संस्थेचे वकील हटले नाहीत. “साहेब, ही सगळी बनावट आहे. घरच्यांनी ठरवून सांगितलेली गोष्ट. एका बाईचं नाव असं एका दुपारात कुठं नाहीसं होतं?”

अध्यक्षांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब, तुमच्या मंडळींचं माहेरचं नाव काय?”

वकिलांनी तोंड उघडलं. मग मिटलं. मग पुन्हा उघडलं. “पुढच्या तारखेला सांगतो,” ते म्हणाले, आणि खोलीत असा काही हशा पिकला की खालचा शिपाई वर बघायला आला.

त्या हशात सासू एकटी हसली नाही. “माझंबी नाव जया नव्हतं,” ती म्हणाली.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“माहेरात गंगव्वा हुतो. ह्यांच्या आईनं जयाबाई ठिवलं. आधी लई दिस कुनी हाक मारली तर मला कळायचंच न्हाय, आन मग शिव्या खायचो. मग सवय झाली. पुढं ही आली, तर हिचंबी जया.” तिनं पहिल्यांदाच सुनेकडं बघितलं. “माझ्यापाशी तेवढंच उरलं हुतं. तेबी हिला कसं द्यायचं, सांगा की. म्हणून म्या हिचं घालवलं. चुकलं असंल.”

अध्यक्षांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बराच वेळ लिहीत राहिले. संस्थेच्या वकिलांनी आपले कागद गोळा केले. रुक्माला सासूचा हात धरावासा वाटला, पण इतक्या वर्षांत तिनं तो कधी धरला नव्हता, आणि मंचापुढं ते सुरू करायचं धाडस तिला झालं नाही.

शहापूरचा सोमवार उलटायच्या आत निकाल लागला. संस्थेनं रुक्माबाईच्या नावची सगळी रक्कम जयाच्या कर्जात वळती करावी, शेवटचा हप्ता भरला त्याच वेळी कर्ज फिटलं होतं असं धरून वरचं व्याज रद्द करावं, बेबाकीचा दाखला द्यावा, रवळूंच्या जयाबाईंचं नाव चावडीवरून काढून तिथंच जाहीर माफीचा कागद लावावा आणि तक्रारीचा खर्च द्यावा. नागोजी मागच्या बाकावर बसून हे उतरवून घेत होता. बाहेर आल्यावर तो सासूच्या पाया पडला. सासूनं त्याला आशीर्वाद दिला आणि वर, पापडाच्या डब्यातल्या नोटिसा घेऊन जा, जागा अडलीय, असं सांगितलं.

कल्लाप्पा वकील हर्षानं सगळ्यांना चहा सांगायला खाली धावले. मष्णू चावडीवर बातमी सांगायला पहिली बस पकडून गेला. सासूसुना दोघीच व्हरांड्यातल्या बाकावर निकालाच्या नकलेची वाट बघत बसल्या. मधेच सासू म्हणाली, “घरी गेल्यावर त्या मशीनीला तेल घाल. गंजली असंल.” रुक्मानं मान हलवली.

तेवढ्यात आतून कारकून बाहेर आला, हातात नक्कल घेऊन. इकडंतिकडं बघून त्यानं पुकारा केला, “जयाबाई! जयाबाई कोण? सही करायला या!”

रुक्मा सवयीनं सासूकडं वळली. “आत्ती, तुमाला बोलवाय लागलेत.”

सासू बाकावरून हलली नाही. “मला कशाला बोलवतील? म्या कवा कर्ज काढलंय? ऊठ जया, तुलाच बोलवाय लागलेत.”